रत्नागिरीत आंब्याच्या सावलीत हिवाळ्यात फुलणारं हेलेबोर लावता येईल का?

नाही, तिथल्या हवेत हेलेबोर टिकणार नाही, रोपावर पैसे घालवू नका. ते युरोप आणि पश्चिम आशियातलं झाड. नीट फुलायला त्याला थंडीचे काही आठवडे लागतात, आणि आपल्या किनाऱ्यावर पौषातही पहाटेचा पारा 15 अंशांखाली क्वचितच उतरतो. शिवाय पावसाळ्यात मुळं कुजतील. त्यापेक्षा जांभळी कोरांटी लावा. पावसात दोन-तीन पेरांची फांदी पेराच्या लगेच खाली कापून खोचली की मुळं धरते. पुढे थंडीत पानांच्या बेचक्यांतून फुलं डोकावतात, फार गोड दिसतात! जांभ्याची माती चालते, साचलेलं पाणी नाही. मात्र अगदी दाट सावलीत नुसती पानंच वाढतील, म्हणून कवडसे पडतात अशी कडेची जागा निवडा.