साहेब म्हणतात शेवाळच तर आहे, मग एमएसडीएसवर सही करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कंपनी क्लिनिंगचं लिक्विड बनवते, त्यात 3% एक बायोसाइड आहे, सप्लायरच्या एमएसडीएसमध्ये (रसायनाच्या सुरक्षिततेची माहिती देणारा कागद) सेक्शन 12 ला, म्हणजे पर्यावरणाच्या भागात, फक्त माशांचा आकडा दिलाय, 96 तासांचा एलसी50 (ज्या प्रमाणात निम्मे मासे मरतात, आकडा जितका कमी तितकं जास्त विषारी) 12 मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि त्यावरून साहेबांनी ठरवलं की ड्रमवर मेलेल्या माशाचं चित्र नको. कंपनीच्या एमएसडीएसवर सही मात्र तुमची. आणि मग सप्लायरकडून तुमच्या मेलवर शेवाळाच्या टेस्टचा रिपोर्ट आला, 72 तासांचा ईसी50 (ज्या प्रमाणात शेवाळाची वाढ निम्मी होते) 0.03 मिलिग्रॅम प्रति लिटर. साहेबांचं म्हणणं, "शेवाळच तर आहे, मेलं तर बरंच."

सही करू नका. निदान आत्ता आहे त्या कागदावर तरी नाहीच.

नुसता 12 धरला तर साहेबांचं गणित चुकत नाही हो, 3% ला लेबलवर काहीच येत नाही. पण जीएचएसमध्ये, म्हणजे रसायनांचे धोके ठरवून लेबल लावायच्या पद्धतीत, मासा, डाफ्निया (पाण्यातला बारीक जीव) आणि शेवाळ या तिघांत ज्याचा आकडा सगळ्यात कमी तो धरायचा असतो, आपल्याला सोयीचा वाटेल तो नाही. 1 मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा त्याखाली गेलं की पदार्थ पाण्यातल्या जीवांना लगेच अपाय करणाऱ्यांच्या सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे अ‍ॅक्यूट 1. शिवाय 0.01 च्या वर आणि 0.1 पर्यंत असेल तर एम-फॅक्टर (जास्त विषारी घटकाचं प्रमाण ज्याने गुणायचं तो आकडा) 10 लागतो, म्हणजे तुमचे 3% हिशोबात 30% होतात, आणि मिश्रणाला मर्यादा 25% ची आहे. संपलं. बाकीचे घटक अगदी साधं पाणी धरले तरी तुमचं लिक्विड अ‍ॅक्यूट 1 मध्ये जातं.

"पाण्यात विरघळून जातं" असंही साहेब म्हणाले असं लिहिलंय तुम्ही. विरघळणं वेगळं, विघटन वेगळं. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर 28 दिवसांत 22% विघटन लिहिलंय, लवकर विघटन होतं म्हणायला ऑक्सिजनवर मोजलं तर निदान 60% लागतात, म्हणजे दीर्घकालीन विषारीपणाचा वेगळा डेटा नसेल तर क्रॉनिक 1 (दीर्घकाळ अपाय करणारा गट) सुद्धा आलंच.

आता कायद्याचं बोलू. जीएचएस हा संयुक्त राष्ट्रांचा नमुना आहे, तो आपोआप कुणावर लागू होत नाही, माल ज्या देशात विकला जातो तिथल्या नियमांत तो किती घेतलाय ते बघावं लागतं आणि ते तिथल्या वकिलाकडूनच बघून घ्या. पण तुमची खरी अडचण तो मेल आहे. मेल यायच्या आधी तुम्ही "डेटा उपलब्ध नाही" लिहिलं असतं तर ती माहितीची कमतरता होती, आज तेच लिहिलंत तर माहीत असून लपवलं असा अर्थ निघतो, आणि उद्या कुठे गळती होऊन चौकशी लागली तर पहिलं विचारतील सही कोणाची, रिपोर्ट कधी मिळाला. साहेबांनी तोंडी सांगितलं होतं हे तिथे फारसं कामी येत नाही, साहेबांना तर ते आठवणारही नाही.

म्हणून साहेबांना साधा मेल टाका, आरोप नको, चिडचिड नको, फक्त रिपोर्टची तारीख, दोन्ही आकडे, 30% चं गणित आणि "लेबल दुरुस्त होईपर्यंत मी सही करू शकत नाही" एवढंच. रिपोर्ट स्वतःच्या पर्सनल मेलवर फॉरवर्ड करू नका, गोपनीयतेचा क्लॉज तुमच्यावरच उलटेल. कंपनीला टेस्टच चुकीची वाटत असेल तर तो त्यांचा हक्क आहे, पण मग दुसरी टेस्ट करून आणावी, रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकून देणं हे काही उत्तर नाही.

आणि मेल आल्यानंतर जे ड्रम डिस्पॅच झाले त्यांचे बॅच नंबर आजच काढून ठेवा, सेक्शन 14 (वाहतुकीचा भाग) पण बघा, कारण हे लिक्विड यूएन 3082 मध्ये (पर्यावरणाला घातक द्रवांचा वाहतुकीचा नंबर) जाऊ शकतं आणि तसं असेल तर ट्रान्सपोर्टची कागदपत्रंही चुकीचीच गेलीत. नोकरीवर गदा आली तर अपॉइंटमेंट लेटर घेऊन या, ते वाचल्याशिवाय त्यावर काही बोलणं बरोबर नाही.