आखूड थ्री-नॉट-थ्री ही कापलेली रायफल नव्हे

देवळालीच्या एका सदस्यांनी आजोबांचा जुना फोटो दाखवून दोन प्रश्न विचारलेत. फोटोत झाडाखाली दोन जवान उभे आहेत. आजोबांच्या हातातली रायफल आखूड, तोंडाशी नरसाळ्यासारखा भाग असलेली. शेजारच्या जवानाकडे नेहमीची लांब रायफल. फोटोच्या मागे पेन्सिलीने 'इंफाळ, १९४४' लिहिलंय. आखूड रायफल ही लांब रायफल कापून केलेली आहे का, आणि आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं दिसायची ती थ्री-नॉट-थ्री (.३०३ इंच काडतुसाची रायफल) हीच का, हे ते दोन प्रश्न.

मी नाशिकला पोलीस दलात आर्मोरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) होतो आणि या रायफलींच्या बोल्ट (काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा), स्प्रिंगा, लाकडं यांच्यातच माझी बरीचशी नोकरी गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजोबांच्या हातात आहे ती ली-एनफिल्ड या ब्रिटिश घराण्यातली नंबर ५ मार्क १ ('मार्क' म्हणजे आवृत्ती). बोलीत तिला 'जंगल कार्बाइन' म्हणतात, कार्बाइन म्हणजे आखूड रायफल. ती कापून केलेली नाही, कारखान्यातूनच तशी निघालेली आहे. पोलिसांकडची थ्री-नॉट-थ्री वेगळी, पण दोघी एकाच घराण्यातल्या. तारखेबद्दल मात्र मला शंका आहे, त्याकडे शेवटी येतो.

या घराण्यात आखूडपणाचा प्रश्न फार जुना आहे. १८९० च्या दशकात ब्रिटिश पायदळाकडे सुमारे ३० इंच नळीची लांब ली-एनफिल्ड होती. घोडदळाकडे २१ इंचांच्या आसपास नळीची वेगळी कार्बाइन होती. घोड्यावर अडकू नये म्हणून तिच्या बोल्टची मूठ चपटी केलेली, आणि मॅगझीनमध्ये फक्त ६ काडतुसं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) हे दुहेरी प्रकरण महागात पडलं. त्यातून दोन्ही दलांना चालेल अशी २५.२ इंच नळीची एकच रायफल निघाली. तिच्या नावातच 'शॉर्ट' आहे. आज आपण जिला लांब म्हणतो ती तिच्या काळी आखूड म्हणून आली होती. १९०७ मध्ये तिचा मार्क ३ आला आणि बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यातही हीच मांडणी रुजली.

मार्क ३ हातात घेतली की कारागिरीची किंमत कळते. मॅगझीनच्या वर एक सरकती पट्टी असायची, तिला कट-ऑफ म्हणतात. ती आत ढकलली की मॅगझीनमधली १० काडतुसं राखीव राहायची आणि जवान एकेक काडतूस हाताने भरून झाडायचा. डाव्या बाजूला लाकडावर एक तबकडी, लांबवर एकत्रित गोळीबार करण्यासाठीची वेगळी साईट (नेम धरायची खूण). मागची साईट डावी-उजवीकडे सरकवायची सोयही होती. पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेल्या जवानाला यातलं फारसं काही लागेना आणि कारखान्यांना रायफली पुऱ्या पडेनात. १९१६ मध्ये मार्क ३ स्टार आली आणि या तिन्ही गोष्टी गेल्या. तुमच्या फोटोतल्या शेजाऱ्याकडची रायफल या वळणाची आहे. लाकूड पार तोंडापर्यंत गेलंय, पुढचं टोक बोथट आहे आणि मागची साईट नळीवर, बॉडीच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या) पुढे बसवलेली आहे. बर्मा आघाडीवरच्या भारतीय पलटणींच्या हातात सर्वांत जास्त हीच असायची, कारण ब्रिटन आणि कॅनडा नंबर ४ या पुढच्या रायफलीकडे वळले तरी इशापूर मार्क ३ स्टारच बनवत राहिलं.

नंबर ५ ची आई ही नंबर ४ आहे, मार्क ३ नाही. फोटो ओळखताना बहुतेकांचा घोटाळा होतो तो इथेच. नंबर ४ मध्ये मागची साईट नळीवरून उचलून बॉडीच्या मागच्या टोकाला, डोळ्याजवळ आणली आणि खाचेऐवजी भोक दिलं. माशी (नळीच्या टोकाची पुढची साईट) आणि मागची साईट यांच्यातलं अंतर वाढल्यामुळे नेम धरायला ती सोपी झाली. नळी जाड केली, आणि मुख्य म्हणजे मोठ्या संख्येने, कमी कुशल हातांनीही बनवता येईल अशी सगळी आखणी केली.

मग जंगलातल्या लढाईसाठी हलकी रायफल हवी अशी मागणी आली. नंबर ४ चं वजन ४ किलोच्या वर आणि लांबी सुमारे ११३ सेंटीमीटर. नंबर ५ चं वजन ३.२ किलो, लांबी १०० सेंटीमीटर. हे पाऊण-एक किलो कुठून कमी केलं ते पाहण्यासारखं आहे. नळी १८.८ इंचांची केली, तेवढ्याने भागलं नाही. पुढचं लाकूड अर्ध्यावर आणून शिकारी बंदुकीसारखं गोल संपवलं. बॉडीच्या बाजूंचा धातू जिथे जिथे परवडेल तिथे छिलला. नळीचं बूड जिथे बॉडीत शिरतं, तिथल्या जाड भागातही खोलगट कापे घेतले. बोल्टची मूठसुद्धा आतून पोखरली. एवढी काटकसर कुणी आरी घेऊन नळी कापून करत नाही.

युद्धानंतर परदेशातल्या व्यापाऱ्यांनी नंबर ४ कापून, तोंडाला नरसाळं लावून 'जंगल कार्बाइन' म्हणून विकल्या, त्यामुळे कापलेल्या रायफलीची समजूत पसरली. खरी आणि बनावट ओळखायची तर हँडगार्ड (नळीवरचं लाकडी झाकण) काढून नळीचं बूड बघावं. खऱ्या नंबर ५ ला तिथे धातू छिललेला दिसतो, कापलेल्या नंबर ४ ला ते बूड भरीव असतं.

नरसाळ्याचं कारण काडतुसात आहे. .३०३ चं काडतूस लांब नळीसाठी बेतलेलं. नळी आखूड झाली की दारू पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडते आणि उरलेली दारू तोंडाबाहेर पेटते. अंधाऱ्या जंगलात तो भडका म्हणजे शत्रूला आपली जागा दाखवणं, आणि झाडणाऱ्याचेही डोळे दिपतात. ते नरसाळं हा भडका झाकायला आहे. धक्क्यावर मात्र चांगला उपाय सापडला नाही. काडतूस तेच, रायफल हलकी, म्हणजे खांद्याला मार जास्त. दस्त्याला रबरी पॅड दिलं, पण ते दस्त्यापेक्षा अरुंद होतं, त्यामुळे सगळा जोर थोड्या जागेत बसायचा. वर्षं गेली की रबर लाकडासारखं कडक होतं, मग त्याचा असून नसून उपयोग सारखाच.

नंबर ५ चा खरा बळी घेतला तो नेम भटकण्याच्या तक्रारीने. आज साईट जुळवून ठेवली तर उद्या गोळ्या दुसरीकडे लागतात, असं जवान सांगू लागले. बॉडी छिलल्यामुळे ती लवते, हे कारण तेव्हापासून दिलं जातं. दुसरा एक गट म्हणतो की दोष फुगवून सांगितला गेला, कारण फौजेला आता आपोआप भरणारी रायफल हवी होती. मला स्वतःला पहिलं कारण पटतं. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे बार उडताना सगळा ताण बॉडीच्या पूर्ण लांबीवर येतो. अशा बॉडीचा धातू कमी केला की तिचा ताठपणा जाणारच. १९४७ मध्ये उत्पादन थांबलं. तोवर बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) आणि फाझाकर्ली या दोन ब्रिटिश कारखान्यांतून मिळून अडीच लाखांच्या आसपास निघाल्या होत्या. इशापूरने नंबर ५ बनवलीच नाही.

लाकडाबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण आपल्या भागात त्याचा त्रास प्रत्यक्ष दिसतो. मार्क ३, नंबर ४ मार्क १ आणि नंबर ५ या सगळ्यांत ट्रिगर हा ट्रिगर गार्डला लटकवलेला असतो, आणि गार्ड लाकडावर बसतो. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात बंदोबस्ताला नेलेली रायफल परत आली की लाकूड फुगलेलं असायचं. गार्ड केसभर सरकला तरी ट्रिगरचा दाब बदलतो. उन्हाळ्यात अंगवळणी पडलेला ट्रिगर श्रावणात वेगळाच लागतो आणि शिपाई म्हणतो रायफल बिघडली. बिघडलेलं काहीच नसतं. ब्रिटिशांनी १९४९ च्या नंबर ४ मार्क २ मध्ये ट्रिगर थेट बॉडीला अडकवला आणि लाकडाचा संबंधच तोडला. माझ्या मते या घराण्यातली ती सर्वांत शहाणी सुधारणा आहे, आणि ती बाहेरून दिसतही नाही.

इशापूरने ती घेतली नाही, पण लाकडासाठी स्वतःचा उपाय केला. मॅगझीनच्या पुढे, लाकडात आडवा एक स्क्रू घातला, म्हणजे लाकूड तडकत नाही. जगभरचे जाणकार याला 'इशापूर स्क्रू' म्हणतात. तो दिसला की रायफल भारतात राहिलेली आहे असं बहुतेकदा समजावं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पोलिसांकडची ती मुख्यतः मार्क ३ स्टार. तिचीच नळी गुळगुळीत करून एका वेळी एकच काडतूस झाडणारी .४१० मस्कट इशापूरने पोलीस आणि तुरुंगरक्षकांसाठी केली. १९६२ च्या चीन युद्धानंतर याच मांडणीवर, अधिक मजबूत पोलादात, ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची २ए आली. १९६५ पासूनच्या २ए१ मध्ये साईटवरचे आकडे २००० ऐवजी ८०० मीटरपर्यंतच ठेवले. फोटोत २ए आणि मार्क ३ स्टार सारख्याच दिसतात, तेव्हा मॅगझीन बघावं. २ए चं मॅगझीन चौकोनी, मार्क ३ स्टारचं खालून तिरकं उतरणारं. शेतीच्या राखणीच्या परवान्यावर दिसणारी .३१५ बोअरची रायफलही याच बोल्टवर बांधलेली आहे.

आता तारीख. इंफाळची लढाई जुलै १९४४ मध्ये संपली. नंबर ५ चं उत्पादन त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सुरू झालं. तिथून आघाडीवरच्या भारतीय जवानाच्या हातात ती जुलैच्या आत पोचणं शक्य दिसत नाही. मी तो फोटो १९४५ च्या आधीचा धरणार नाही. याचा अर्थ आजोबा इंफाळला नव्हते असा मुळीच नाही. घरातल्या कुणीतरी पुढे त्यांची मोठी लढाई आठवून ते लिहिलं असेल. त्यांच्या डिस्चार्जच्या कागदांवर पलटणीचं नाव असतं. त्यावरून १९४५-४६ मध्ये पलटण कुठे होती ते काढता येईल.

जमलं तर फोटो भिंगाखाली धरून आजोबांच्या कमरेची संगीन पाहा. नंबर ५ ची संगीन सुरीसारखी, सुमारे ८ इंच पात्याची, आणि नरसाळ्यात बसावी म्हणून तिची कडी चांगली मोठी असते. शेजाऱ्याची तिच्यापेक्षा लांब पात्याची असेल. तेवढा भाग मोठा स्कॅन करून टाका, मी सांगतो.