पॉलिश केलेली रायफल की तेलकट?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त ह्यूस्टनला असतो. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, म्हणून बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली जुनी ली-एनफिल्ड .३०३ रायफल संग्रही असावी अशी फार वर्षांची इच्छा आहे. इथल्या शस्त्रप्रदर्शनात दोन पाहिल्या, दोन्हींवर १९४३ साल. एकीचं लाकूड नुकतं पॉलिश केलेलं, पोलाद काळंभोर. दुसरी चिकट, मळकट, पुढच्या लाकडात आडवा स्क्रू. किंमत सारखीच. मन पहिलीकडे ओढतंय. काय करू?
– एक वाचक

उत्तर : दुसरी बाजूला काढून ठेवायला सांगा. पैसे मात्र लगेच देऊ नका.

स्क्रूला बिचकलात ना? अहो, ती तर इशापूरची ओळख. लाकडाला चीर जाऊ नये म्हणून तिथेच घालायचे.

आता पॉलिशचं. पहिलीच्या लाकडावरून बोट फिरवत पोलादाच्या कडेपर्यंत न्या. नख अडखळलं, म्हणजे लाकूड खाली आणि पोलाद वर असं लागलं, तर कुणीतरी पॉलिशपेपर मारलाय. हे पाप मी स्वतः केलंय. एनसीसीच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, आर्मोरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) म्हणून नवा होतो, इन्स्पेक्शनच्या आधी एक दस्ता घासून आरशासारखा केला आणि त्यावरचे सगळे शिक्के पुसून टाकले. शाबासकीची वाट पाहत होतो. उस्तादांनी आठवडाभर पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायच्या दोऱ्या, धुवायला लावले. काळंभोर पोलादही नीट निरखा. इशापूरच्या दुरुस्त केलेल्या रायफलींवर काळा रंग असतो, आणि त्याखाली गंजाचे खड्डे लपलेले असू शकतात.

मग नंबर. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कड्यावरचा आणि बोल्टच्या, म्हणजे मागून नळी बंद करणाऱ्या भागाच्या, दांड्यामागचा नंबर एकच हवा. नोजकॅपवरचा (नळीच्या तोंडाजवळच्या टोपीवरचा) जुळला तर उत्तमच. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा असेल तर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि नळीचं मागचं टोक यांतलं अंतर, गेजनं तपासल्याशिवाय गोळी झाडायची नाही. .३०३ मध्ये हे माप ०.०६४ ते ०.०७४ इंचांत बसायला हवं. ते काम गनस्मिथचं, तुमचं नाही. कुठे 'डीपी' अक्षरं दिसली तर ती कवायतीची रायफल, भिंतीवरच शोभेल.

आता नळी. लोक चेंबरकडून डोकावतात, आत चमकलं की खूश. पण खरी झीज तोंडाशी असते. पुलथ्रूची दोरी तिरकी ओढली की तिला चिकटलेली वाळू रोज तीच कड घासते, आणि गोल भोक हळूहळू लांबट होतं. रायफल रिकामी आहे हे आधी पाहा, मग डमी काडतूस टोकाकडून नळीच्या तोंडात घाला. गोळी काडतुसाच्या पितळी कवचापर्यंत आत गेली तर तोंड गेलेलं आहे. काळपट पण धारदार आट्यांची (आतल्या पिळदार खाचांची) नळी मी चमकत्या, झिजलेल्या नळीपेक्षा केव्हाही पसंत करीन.

कागदोपत्री म्हणाल तर तुमच्याकडे कायद्यानं 'अँटिक' म्हणजे १८९९ च्या आधीची. ही पन्नाशी ओलांडलेली, म्हणून 'क्युरिओ अँड रेलिक', म्हणजे संग्राह्य जुन्या शस्त्रांच्या वर्गात येते. (इथल्या वाचकांनी मोहात पडू नये. आपल्याकडे .३०३ निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे.)

घरी आणल्यावर मळ कापडानं पुसा आणि जवसाचं तेल हातानं चोळा, अगदी थोडं. जुनी लष्करी काडतुसं वापरलीत तर त्यांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या मसाल्यानं नळीत क्षार बसतो. तो नुसत्या तेलानं जात नाही. आधी नरसाळ्यानं उकळतं पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल.