कोकम किंवा आवळा सरबतातल्या अँटिऑक्सिडंटचा खरंच फायदा होतो का?

होतो, पण बाटलीवर छापतात तेवढा नाही. कोकमाचा लालभडक रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो, सालीत गार्सिनॉल नावाचं द्रव्यही असतं; दोन्ही अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींचं नुकसान रोखू शकणारी द्रव्यं. परीक्षानळीत दोन्ही जोरदार काम करतात; पोटातून रक्तात मात्र थोडंच पोचतं. आवळ्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने घटतं, म्हणून रस ताजाच प्यावा.

खरी गोम साखरेत आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत (रसातली साखरही धरून), जमल्यास २५ ग्रॅम म्हणते. तयार सिरपचा एक ग्लास त्यातला बराच वाटा खाऊन टाकतो! त्यापेक्षा मंडईतून आमसुलं आणा, रात्री भिजवा, सकाळी कुस्करून गाळा, भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. मीठ चव बघूनच, आमसुलं बऱ्याचदा आधीच खारट असतात.