तालुक्यात बातम्यांचे यूट्यूब चॅनल काढावे की कम्युनिटी रेडिओ? परवानगी काय लागते, पैसा सुटतो का?

रेडिओचा नाद सोडा. कम्युनिटी रेडिओचा परवाना एकट्या माणसाला मिळतच नाही, नोंदणीकृत संस्था लागते. मिळाला तरी स्वतःची बातमी देता येत नाही, आकाशवाणीची तेवढी लावता येते. म्हणजे गावात पूर आला तर प्रशासन देईल तेवढी सूचना वाचायची आणि पुन्हा भजन वाजवत बसायचे.

यूट्यूबला वर्तमानपत्रासारखी नोंदणी नाही. पैशाचे म्हणाल तर 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तासांचा वॉचटाइम (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज) झाल्यावरच यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा सुरू होतो, आणि तालुक्याच्या बातम्यांवर त्यातून पेट्रोलही निघत नाही. मग उरतात गावातल्या जाहिराती. खरे बोलायचे आहे ते इथे.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. पेपरची एजन्सी मामांच्या नावावर, सायकल माझी. बातमी कागदाच्या एका बाजूला लिहायची, पाकिटावर लाल पेनाने 'प्रेस मॅटर', आणि साडेपाचच्या यवतमाळ गाडीच्या कंडक्टरच्या हातात. मानधन सांगण्यासारखे नव्हते. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची, 15 टक्के.

1997 चा जानेवारी. एकाधिकार खरेदी चालू होती, म्हणजे कास्तकाराचा कापूस फक्त सरकारने घ्यायचा. एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारातल्या केंद्रावर बैलबंड्यांची लाइन पार रस्त्यापर्यंत. लोक तीन-तीन रात्री बंडीखाली झोपलेले, बैलांचा कडबा संपलेला. आणि मागच्या फाटकातून व्यापाऱ्यांचा कापूस कास्तकारांच्या नावावर काट्यावर चढत होता. दोन रात्री मी तिथे बसलो, नंबर टिपले, तीन पाने लिहिली, पाकीट गाडीत दिले.

त्याच आठवड्यात 26 जानेवारीची पुरवणी होती. जिनिंगच्या मालकाकडून 4000 रुपयांची जाहिरात आणली. कोणी आणली? मीच. मामा म्हणाले होते, "जाहिरात वेगळी, बातमी वेगळी. जा, पावती फाड."

जाहिरात फोटोसकट छापून आली. बातमी चार दिवसांनी. त्या दिवशी गठ्ठा सुटल्यावर मी पेपर उघडलासुद्धा नाही, तसेच चाळीस अंक सायकलला लावले आणि लाइनीत ओरडत गेलो, आज तुमची बातमी आहे! एका म्हाताऱ्याने नातवाला वाचायला लावले. पोराने मथळा वाचला : 'खरेदी केंद्रावर कापसाची विक्रमी आवक'. खाली अकरा ओळी. फाटक नाही, व्यापारी नाही, कडबा नाही. म्हातारा मला म्हणाला, "हे आपल्याच लायनीचं हाय काय गा?" पेपरचे पैसे मात्र त्याने दिले. मी घेतलेही.

मामा आजही म्हणतात, जाहिरात नसती तरी जिल्हा ऑफिसने तेच छापले असते. नसते छापले. त्याआधी त्याच ऑफिसने माझी रेशनच्या साखरेची बातमी नावानिशी लावली होती. तो दुकानदार जाहिरात देत नव्हता, एवढाच फरक. मोठ्या शहरात जाहिरात देणारा आणि बातमीतला माणूस वेगळे असू शकतात. तालुक्यात ते एकाच हॉटेलात एकाच बाकावर चहा पितात.

म्हणून ज्याच्या हातात बूम माइक आहे त्याने पावतीपुस्तक हातात धरू नये. वसुलीला दुसरा माणूस ठेवा. वाढदिवसाच्या शुभेच्छा खुशाल घ्या, पण बाजार समिती, जिनिंग, वाळूवाले आणि कंत्राटदार यांच्याकडून एक रुपया नको. मग चॅनल चालणार कसे, हे मला विचारू नका. मी 2003 ला हे सोडले, आता झेरॉक्सचे दुकान आहे, तेव्हा माझा सल्ला त्या हिशोबाने घ्या.

हो, परवानगीचे अर्धेच सांगितले. 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम डिजिटल बातम्यांनाही धरून आहेत : तक्रार अधिकारी नेमायचा, 15 दिवसांत तक्रार निकाली काढायची. बदनामीचे कलम आता न्याय संहितेत 356 आहे. एक ओळखीचा वकील धरून ठेवा.

मामांचा नातू त्यांना हे वाचून दाखवेलच. मामा, कमिशन 600 आले होते. त्यातले 200 तुम्ही एजन्सीचे म्हणून कापून घेतले होते. जाहिरात वेगळी आणि बातमी वेगळी होती, तर माझ्या बातमीचे काय कापले ते तेवढे सांगा.