स्थानिक संस्थांना मूल्यमापन (म्हणजे आपल्या कार्यक्रमाचा खरोखर उपयोग झाला का हे तपासणे) शिकवण्यासाठी एकदाचे प्रशिक्षण पुरेसे आहे का?

माझ्या मते नाही. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शब्द कळतात, पण सवय लागत नाही. म्हणून संस्थेच्या चालू कामातलेच एखादे मूल्यमापन निवडून ते हातावेगळे होईपर्यंत मार्गदर्शकाने ठरावीक अंतराने सोबत बसावे.

पद्धतीसाठी अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने १९९९ मध्ये मांडलेली सहा टप्प्यांची चौकट उपयोगी पडते. संबंधितांना सामील करून घेणे आणि कार्यक्रमाचे नेमके वर्णन करणे, हे तिच्या मूळ रूपातले पहिले दोन टप्पे. माहिती गोळा करणे चौथ्या टप्प्यावर येते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक संस्था थेट प्रश्नावलीपासून सुरुवात करतात, आणि मार्गदर्शकाचा निम्मा वेळ त्यांना तिथून मागे आणण्यातच जातो.

उदाहरणार्थ, पालकांसाठीच्या वर्गाच्या हजेरीपटावरून किती जण आले एवढेच कळते. ‘घरी मुलाला वाचून दाखवण्याचे प्रमाण वाढले का?’ हे जाणून घ्यायचे असेल, तर ‘गेल्या आठवड्यात किती दिवस वाचून दाखवले?’ हा एकच प्रश्न वर्ग सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर त्याच पालकांना विचारावा लागतो. पहिली नोंद राहून गेली, तर ती नंतर विश्वासार्हपणे भरून काढता येत नाही.

अहवाल मार्गदर्शकाने स्वतः लिहून देऊ नये, मुदत तोंडावर आली तरीही. कर्मचाऱ्याने कच्चा मसुदा लिहावा आणि मार्गदर्शकाने समासात प्रश्न विचारावेत. शक्यतो प्रत्येक संस्थेतून दोघांना तयार करावे, कारण एकाने नोकरी सोडली की शिकलेले सारे त्याच्याबरोबर जाते.