तलंगा जुन्या कोंबड्यांत कधी सोडाव्यात?

प्रश्न : गोराईला परसात सहा कोंबड्या आहेत. आठ आठवड्यांच्या चार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आणतोय. थेट खुराड्यात सोडू का?

उत्तर : थेट नको. महिनाभर लांब ठेवा, भांडी वेगळी, दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना. शिंका किंवा फेसाळ डोळा दिसला तर मुदत वाढवा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली का, विकणाऱ्याला विचाराच.

पावसाळ्यात खरी भीती रक्ती हगवणीची. जुन्या कोंबड्या तिचे जंतू पोटात बाळगूनही ठणठणीत दिसतात. तलंगा खुराड्यात अंथरलेल्या ओल्या तुसातून ते टिपतात नि पिसं फुलवून, पंख पाडून कोपऱ्यात बसतात. विष्ठेत रक्त दिसताच पशुवैद्य गाठा, अ‍ॅम्प्रोलियम या त्यावरच्या औषधाची मात्रा त्यांनाच ठरवू द्या, तूस लगेच बदला.

लेयर (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या) खाद्यातल्या जादा कॅल्शियमने तलंगांची मूत्रपिंडं बिघडतात. सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या, जुन्यांच्या कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.